षष्ठीचं मांजर आणि पान नऊवरचा वाघ

झिनुकच्या तोंडाभोवती लाल दिसलं तेव्हा मला वाटलं, पडली, ओठ फुटला. हातातलं ओलं धुणं तसंच टाकून धावले. हनुवटी धरून तोंड उघडलं तर रक्त नव्हतं. शेंदूर होता, आणि दाताखाली काहीतरी करकर वाजत होतं. मी बोट घालून काढेपर्यंत तिनं ते गिळलं आणि मला हसून दाखवलं.

मग देवळाकडे बघितलं. मांजराचा डावा कान गेला होता.

आमच्या अंगणातलं राधागोविंदाचं देऊळ माझ्या सासरच्या, कुंडूंच्या कोणा पूर्वजानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधलं, मिठाच्या व्यापारात जम बरा बसला होता तेव्हा. सगळं भाजलेल्या मातीच्या कोरीव फरश्यांचं. वरच्या अंगाला कृष्णलीला, राम-रावणाचं युद्ध, जे लोक मान वर करून बघतात ते. आणि अगदी तळाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, शिकारीचा पट्टा. घोडेस्वार, हत्ती, बंदूक रोखलेला टोपीवाला साहेब, पळणारी हरणं, एक रानडुक्कर, धापा टाकणारे कुत्रे. मोठ्या माणसाला ते नीट बघायचं तर उकिडवं बसावं लागतं. दोन वर्षांच्या मुलीला नाही. तिच्या ते बरोबर डोळ्यांसमोर येतं, हाताला येतं, आणि तोंडालाही. बांधणाऱ्यांनी रांगणाऱ्या पोरांचा विचारच केला नव्हता. सगळे पुरुष असणार.

या पट्ट्यात दारापासून डावीकडे सातव्या जागी एक शेंदराचा गोळा आहे. चार पाय असावेत, शेपूट असावी, कानांच्या जागी दोन फुगवटे. बाकी सगळं पिढ्यानपिढ्यांच्या शेंदरात आणि मोहरीच्या तेलात बुडालेलं. आमच्या काजलडिही गावातल्या बायकांच्या मते ते षष्ठीचं मांजर. षष्ठी मुलांची राखणदार, मांजर तिचं वाहन, म्हणून ज्येष्ठातल्या षष्ठीला गावातल्या झाडून सगळ्या आया आमच्या अंगणात येतात, त्याला शेंदूर फासतात आणि मुलांना आयुष्य मागतात.

जेठूंच्या मते तो वाघ. जेठू म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, निवृत्त इतिहासाचे मास्तर. सासरे काटोयाच्या दुकानात बसतात आणि घरच्या वादात पडत नाहीत, त्यामुळे घर जेठूंच्या शब्दावर चालतं, म्हणजे जिथवर माझ्या सासूबाई चालू देतात तिथवर. जेठूंनी देवळावर सोळा पानी पुस्तिका छापलीय. तिच्यात पान नऊवर आहे: ‘भाल्यानं विद्ध झालेला वाघ, मातीतल्या वेदनेचा अपूर्व नमुना.’ वेदना शेंदराखाली दिसत नाही, पण शेजारच्या फरशीवरच्या शिकाऱ्याच्या हातातून एक तिरपी रेघ त्या गोळ्यात शिरते, तो भाला. तीस वर्षं जेठू वाघ म्हणतायत, बायका मांजर म्हणतायत, आणि दरवर्षी शेंदराचा आणखी एक थर चढतोय.

मागच्या वर्षी मीही फासला. हे आधीच सांगून टाकते. बर्दवानच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले. शेंदरात शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार, हे परीक्षेत लिहून आले. तरी झिनुकला कडेवर घेऊन, मधलं बोट बुडवून, मीही फासला, कारण त्या आठवड्यात तिला ताप होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या.

“हा देवाचा शेंदूर. यात शिसं असू शकतं, माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“मग?”

मी झिनुकचं तोंड पदरानं परत पुसलं.

“एकदाच खाल्लंय, की रोज?”

मी आठवत गेले. हिवाळ्यापासून ती दुपारी देवळाशी बसायची. मला वाटायचं, प्राणी बघते. फ्रॉकच्या बाहीवर लाल डाग यायचे, मी साबण लावून धुवायचे. रोजच्या रोज धुतले मी ते डाग, आणि एवढं लक्ष ठेवणारी बाई म्हणून माहेरी माझी चेष्टा होते.

रक्त कोलकात्याला गेलं. नवव्या दिवशी, शुक्रवारी, आकडा आला: चौदा. पाचाच्या आत हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध सुरू करण्याइतकं नाही, दूध द्या, लोहाचं औषध द्या, महिन्यानं परत तपासू. “पण येतंय कुठून ते आधी बंद करा. ते बंद नाही झालं तर बाकी सगळं फुकट.”

येतंय कुठून ते मला ठाऊक होतं. आणि येत्या गुरुवारी षष्ठी होती. गावातल्या साठ-सत्तर बाया त्याच्यावर ताजा थर चढवणार होत्या.

सासूबाई विळीवर कच्चा फणस चिरत होत्या. मी बाजूला बसून आकडा सांगितला, शिसं म्हणजे काय ते सांगितलं, मुलांच्या डोक्यावर त्याचा काय परिणाम होतो ते सांगितलं. त्यांनी बोटांना तेल चोळून घेतलं आणि पुढची फोड केली.

“माती सगळीच पोरं खातात, बौमा. आणि तू पोटुशी असताना कुंभाराकडून भाजक्या मातीच्या पापड्या आणून कोण खात होतं? उशीखाली पुडी असायची.”

“त्या पापड्यांना शेंदूर नव्हता, मा.” सुनेनं सासूला मा म्हणायचं, सासूनं सुनेला बौमा.

“मीही खाल्ल्या. तीर्थ काय वेडा निपजला?”

तीर्थ म्हणजे माझा नवरा तीर्थंकर. तो पुरावा मी मोजला नाही.

“एवढंच म्हणतेय मी, यंदा त्याला शेंदूर लावू नका. आणि आहे तो पुसून काढू.”

विळी थांबली. “पुसून?”

“तेलानं. हळूच.”

“शेंदूर पुसायचा? षष्ठीच्या तोंडावर? माझा नवरा जिवंत आहे, बौमा. तुझाही. या अंगणात लेकुरवाळ्या सवाष्णी येतात. भांगात नवऱ्याच्या नावानं शेंदूर भरणारी कुठली बाई स्वतःच्या हातानं शेंदूर पुसते?” मग फणसाकडेच बघत त्या हळूच म्हणाल्या, “व्रताच्या कहाणीतल्या धाकट्या सुनेनंही मांजरावरच आळ घेतला होता. तिची मुलं एकेक करून मांजरानं उचलून नेली, माहीत आहे ना?”

माझी मुलगी शिसं खातेय, आणि मांजरावर आळ मी घेतेय.

जेठूंकडे गेले. मला वाटलं, इथे तरी सोपं जाईल, तीस वर्षं त्यांना तो शेंदूर नकोच आहे. ते टेबलाशी बसून पुरातत्त्वखात्याला पत्र लिहीत होते, अठरावं.

“पुसायचा? जरूर पुसायचा,” ते म्हणाले. “मी तेच मागतोय अकरा वर्षं.”

“मग उद्या सकाळी मी बसते.”

“तू?” त्यांनी चष्मा काढला. “बौमा, ही अठराव्या शतकातली माती आहे. ते काम तज्ज्ञाचं. खात्याचा माणूस येईल, योग्य द्रावण लावेल. तोवर कोणी बोट लावायचं नाही.”

“तिथे दरवर्षी सत्तर बाया बोट लावतात, जेठू.”

“ते मी पत्रात नमूद केलंय.”

“झिनुकच्या रक्तात चौदा आकडा आलाय.”

“हं,” ते म्हणाले, आणि मला विचारलं, “तो कान सापडला का कुठे? शोधून ठेव. जोडता येतो.”

मी स्वतःच्या परीनं करून बघितलं. शनिवारी बांबूच्या कामट्यांचं कुंपण घातलं. रविवारी सासूबाईंनी त्यावर आमसत्त्वाची, म्हणजे आंबापोळीची चटई वाळत घातली, आणि आंब्याच्या वासानं शेजारच्या दोन शेळ्या कुंपणासकट सगळं घेऊन गेल्या. सोमवारी पट्ट्यासमोर पत्रा उभा केला. जेठूंनी तो काढायला लावला, पत्र्याच्या कडेनं हत्तीची सोंड खरवडेल म्हणून. मंगळवारी झिनुकला खोलीत ठेवून कडी लावली, तर ती इतकी रडली की सासूबाईंनी कडी काढली आणि समजूत घालायला तिला कुठे नेलं? देवळाशी, मांजर दाखवायला.

संध्याकाळी तीर्थचा दुर्गापूरहून फोन आला.

“तू थोडे दिवस माहेरी जा ना,” तो म्हणाला.

“आणि परत आल्यावर?”

“परत आल्यावर बघू. नाहीतरी षष्ठीला जावयाला सासरी जेवायला बोलावतातच, मी तिकडेच येणार आहे. तुझ्या आईनं इलिश मासा सांगून ठेवलाय का? मागच्या वेळी छोटा होता.”

मी फोन बंद केला नाही. उशीखाली ठेवला, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत झिनुकची नखं कापली.

बुधवारी दुपारी घर निजलं होतं. झिनुकही निजली होती, तिच्या खोलीला मी बाहेरून कडी लावली आणि देवळाच्या पायरीवर येऊन बसले. उद्या सकाळी ताज्या शेंदराचा लगदा इथे माझ्या मुलीच्या तोंडासमोर असणार, आणि मी काय करणार, तर सत्तर बायांसमोर हात पसरून उभी राहणार. माझ्या मागून आवाज आला.

“कापूस आहे का गं घरात?”

पिशिमा होत्या, जेठूंच्या धाकट्या बहीण. बाविसाव्या वर्षी पांढरी साडी नेसून त्या माहेरी परत आल्या त्या इथेच राहिल्या. मूल नाही. षष्ठीच्या दिवशी त्या कोठारात बसून शेंगा सोलतात, कारण लेकुरवाळ्यांच्या पूजेत त्यांनी समोर येऊ नये असं कधीतरी कोणीतरी ठरवलं, आणि नंतर ते कोणाला बदलावंसं वाटलं नाही.

“कापूस कशाला, पिशिमा?”

“कोपऱ्यात बसून मी शुक्रवारपासून ऐकतेय. शेंदूर पुसला की नवऱ्याला लागतं, असंच ना वहिनीचं म्हणणं?” त्या माझ्या शेजारी बसल्या. “माझा सेहेचाळीस वर्षांपूर्वी पुसून झालाय. माझ्या हातानं पुसला तर आता लागायचं राहिलंय कोण?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“बघतेस काय. जा, खोबरेल कोमट करून आण. दादा चारला उठतो.”

मी तेल आणलं, कापूस आणला, बांबूच्या दोन चपट्या काड्या आणल्या. त्यांच्या नाकातोंडाला मी ओला पंचा बांधला. त्या म्हणाल्या, “या वयात शिसं मला काय शहाणं करणार आहे,” पण पंचा राहू दिला. खाली मी प्लास्टिक अंथरलं, एक चिमूटही अंगणात पडायला नको म्हणून. त्यांनी तेलाचा बोळा गोळ्यावर दाबून धरला, जसा एखाद्याच्या दुखऱ्या दातावर धरावा तसा.

बराच वेळ काही झालं नाही. मग वरचा लाल थर मऊ झाला. त्याखाली नारिंगी, त्याखाली काळपट, त्यात अडकलेले तांदळाचे दाणे, एक केस, हळदीच्या दोऱ्याचा तुकडा. हे सगळं कोणाकोणाच्या मुलांसाठी होतं. मी काडीनं कडेला उचकटत होते. पिशिमा म्हणाल्या, “थांब, ओढू नकोस, येतंय आपणच,” आणि पाठीवरचं आख्खं कवच उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून त्यांच्या ओंजळीत आलं.

खाली लालसर, कोवळ्या रंगाची माती होती. इतकी ताजी की वाटलं, कुंभार आत्ताच उठून गेलाय. बरगड्या दिसल्या. बारीक पोट दिसलं. मग गळा.

पिशिमांचा हात थांबला.

“बौमा, वाघाच्या गळ्यात पट्टा असतो का?”

“नाही.”

“आणि मांजराच्या?”

“एवढा जाड नाही.”

त्यांनी बोळा पुढे नेला. लांबट तोंड, बाहेर लोंबणारी जीभ, खाली पडलेला उजवा कान. डाव्या जागी नुसता फुटका कंगोरा, माझ्या मुलीच्या दातांएवढा. शेजारच्या फरशीवरच्या माणसाच्या हातातून निघालेली ती तिरपी रेघ सरळ पट्ट्यातल्या कडीत जाऊन अडकली होती.

“ही साखळी आहे,” मी म्हटलं.

“हा कुत्रा आहे,” पिशिमा म्हणाल्या. “साहेबाचा.” मग त्यांना हसू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पंच्यावर हात दाबला, तरी खांदे हलत होते. मला हसू येत नव्हतं. मी आधी त्या कुत्र्याला डोळ्यांपासून पायांपर्यंत साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपून घेतलं, दोनदा, मग तिसऱ्यांदा. सगळे कपचे डब्यात भरले, झाकण लावलं, हात कोपरापर्यंत धुतले. सहा दिवसांत कोणी काही केलं असेल तर ते एवढंच.

सासूबाई आधी आल्या. पंचा बघितला, डबा बघितला, ओरडायला तोंड उघडलं, आणि मग भिंतीकडे बघितलं.

“हे काय?”

“कुत्रा,” पिशिमा म्हणाल्या.

सासूबाई खाली बसल्या. “तीर्थ पोटात असताना मी याच्यापुढे डोकं टेकलं होतं. चाळीस वर्षं मी याला... कुत्र्याला?”

“तीर्थ जगला ना? मग कुत्र्यानं काम चोख केलं.”

“तू बोलू नकोस, ठाकुरझी. तू हात लावलास?” सासूबाईंनी नणंदेला विचारलं.

“मीच लावला. तू लावला नाहीस, बौमानं लावला नाही. झोप निवांत.”

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांना राग येत होता, पण तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. नणंदेवर काढावा तर नियम मोडलेला नाही, माझ्यावर काढावा तर मी फक्त तेल आणलं होतं.

मग जेठू आले. गुडघे कडकड वाजवत उकिडवे बसले. चष्मा पुसला, परत लावला, बोटानं ती रेघ शिकाऱ्याच्या मुठीपासून पट्ट्याच्या कडीपर्यंत हवेतच ओढली.

“पुस्तिकेच्या चारशे प्रती शिल्लक आहेत,” ते शेवटी म्हणाले.

“पान नऊ चिकटवून टाक, दादा,” पिशिमा म्हणाल्या.

“मला न विचारता...” त्यांनी सुरुवात केली, आणि वाक्य सोडून माझ्याकडे वळले. “बौमा, तो कान. शोधलास?”

“जेठू, तो तिनं खाल्ला. पंधरा दिवस झाले. तो आता नाही कुठे.”

“अडीचशे वर्षांचा कान,” ते म्हणाले.

“तिच्या रक्तात चौदा आलाय.”

“चौदा,” जेठू म्हणाले. मग चष्मा काढून, “म्हणजे जास्त आहे का?”

हे मी त्यांना चौथ्यांदा सांगत होते. पण या वेळी त्यांनी विचारलं तरी होतं. मी परत पहिल्यापासून सांगितलं, शिसं म्हणजे काय, पाच म्हणजे काय, चौदा म्हणजे काय. सासूबाईंसमोर सांगितलं. त्या कुत्र्याच्या फुटक्या कानाकडे बघत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “कुत्र्याला तर कोणी लावणार नाही.” एवढंच. कबुली म्हणायची तर हीच.

गुरुवारी सकाळी माझ्या आईला फोन करून सांगितलं की जावई एकटाच येईल, मोठा इलिश त्यालाच वाढ. मी अंगणात झिनुकला कडेवर घेऊन उभी राहिले. बाया आल्या, हातात नवे ताडपंखे, आंबे, दूर्वा, शेंदराच्या वाट्या. मंडलांच्या घरची थोरली सगळ्यांत पुढे. ती वाकली आणि तशीच राहिली.

“अगं बाई, हे काय झालं?”

“देवानं रूप दाखवलं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

“पण हा तर कुत्रा दिसतोय.”

“कुत्राच आहे.”

“साहेबाचा कुत्रा,” मागून कोणीतरी म्हणालं. वाट्या हातात धरून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, झालं, मिटलं. घरी जातील, पंख्यानं मुलांना वारा घालतील, दही-पोहे खातील, आणि हा शेंदूर इथे परत येणार नाही.

“ते बघा,” मंडलांची थोरली म्हणाली.

देवळाच्या कोपऱ्यावर प्राण्यांवर प्राणी चढलेली एक उभी वेल आहे, घोड्यावर सिंह, सिंहावर हत्ती, तशी वरपर्यंत गेलेली. तिच्यात बऱ्याच उंचावर, हरणाच्या मानेत दात रुतवलेला एक पट्टेरी प्राणी आहे. आजवर त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. जेठूंच्या पुस्तिकेतही तो नाही.

“मांजर,” ती म्हणाली.

“तो वाघ आहे,” जेठू व्हरांड्यातून म्हणाले. या वेळी खरोखरच तो वाघ होता. कोणीही ऐकलं नाही.

पहिलं बोट लागलं, दुसरं लागलं. तासाभरात वाघाचं तोंड लाल झालं. मी कोपऱ्याशी उभी राहून मोजत होते. झिनुक चौतीस इंच, हात वर केला की बेचाळीस. वाघाचे पंजे साठाच्या पुढे. बाकीच्या बायांच्या मुलांचंही तेवढंच. पाच वर्षांपर्यंत कोणाचा हात पोचत नाही. तोवर ती तोंडात घालायची थांबेल. सासूबाईंनी वाटी माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांनी झिनुकला धरून होते, तसंच दाखवलं. त्यांनी वाटी मागे घेतली, आणि माझ्या वाट्याचं बोटही स्वतःच लावलं. मी त्यांचे हात धुवायला पाणी आणि साबण घेऊन उभी राहिले. त्या कुरकुरल्या, पण धुतले.

दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं. मी झिनुकला खाली सोडलं, पिशिमांना कोठारातून आंबा खायला बोलवायला वळले, आणि परत आले तर ती कोपऱ्याशी होती. उंचावर हात पोचत नाही म्हणून म्हाताऱ्यांसाठी कोणीतरी स्वयंपाकघरातला जेवायला बसायचा पाट आणून विटांवर ठेवला होता, आणि तो तिथेच सोडून त्या घरी गेल्या होत्या. झिनुकचा एक पाय पाटावर होता. दुसरा उचललेला होता.

तिला काखेत मारलं, पाट उचलला, विटा एकेक करून भिंतीपलीकडे टाकल्या. आणि मग देवळाला पूर्ण फेरी घातली, आणखी काही चढण्यासारखं राहिलंय का ते बघायला.